‘क्यू गुणिले व्ही, बाकी विसरा’: एका फिरत्या चिठ्ठीचा प्रतिवाद

बारावीची परीक्षा, सीईटी, नीट यांचे दिवस जवळ आले की फोनवर सूत्रांच्या चिठ्ठ्या फिरू लागतात. त्यांतलीच एक स्थिर विद्युतच्या धड्यावरची आहे. कधी ती रंगीत पाटीवर येते, कधी कुणाच्या वहीच्या पानाचा फोटो म्हणून. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. मथळा साधारण असा: ‘विद्युत बलाने केलेले कार्य, सहा ओळी, मार्क पक्के’. आणि ओळी अशा:

१. कार्य म्हणजे क्यू गुणिले डेल्टा व्ही. चिन्हांत अडकू नका, आकडा काढा.
२. विद्युत बल प्रभाराला आपल्या दिशेने नेते, म्हणून त्याचे कार्य कधीच ऋण नसते.
३. विभव दिलेले नसेल तर कूलोमचे बल काढा आणि अंतराने गुणा.
४. जिथे विभव शून्य तिथे बल शून्य, म्हणून कार्यही शून्य.
५. सुरुवात आणि शेवट एकाच विभवावर असेल तर कार्य शून्य. अपवाद नाही.
६. प्रभार जितका वेगाने हलेल तितके कार्य जास्त.

सहाही ओळी धडधडीत खोट्या असत्या तर काही लिहायची गरज नव्हती, मुलांनीच ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली असती. पण पहिली आणि पाचवी ओळ पुष्कळ गणितांत बरोबर उत्तर देते, आणि त्या दोघींच्या आडोशाने बाकीच्या चार खपून जातात. शिवाय सगळ्या चिठ्ठीचा सूर असा, की या भागात विचार करण्यासारखं काही नाही, दोन आकडे गुणले की झालं. माझा आक्षेप मुख्यतः या सुराला आहे. कार्य कोणत्या बलाने केलं, कोणत्या प्रभारावर केलं आणि क्षेत्र स्थिर आहे की बदलतं आहे, हे ठरवल्याशिवाय गुणाकाराला हात घालता येत नाही.

पहिली ओळ: गाळलेलं उणे चिन्ह

आधी सूत्र नीट लिहू. स्थिर विद्युत क्षेत्रात एखादा प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत गेला, तर

विद्युत बलाचे कार्य = प्रभार × (सुरुवातीचे विभव − शेवटचे विभव)

क्यू म्हणजे प्रभार, व्ही म्हणजे विभव, आणि डेल्टा व्ही म्हणजे शेवटचं विभव वजा सुरुवातीचं. म्हणजे विद्युत बलाचं कार्य हे ‘उणे क्यू डेल्टा व्ही’ आहे. चिठ्ठीने उणे चिन्ह आधी स्वतः गाळलं आणि लगेच ‘चिन्हांत अडकू नका’ असा उपदेशही केला.

मग ‘क्यू डेल्टा व्ही’ हे चिन्हाशिवायचं सूत्र मुलांच्या डोक्यात येतं कुठून? ते पुस्तकातूनच येतं, आणि तिथे ते बरोबरही आहे. बारावीत विभवाची व्याख्या बाहेरच्या बलाच्या कार्यावरून करतात: एकक धन प्रभार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपर्यंत, त्याला वेग येऊ न देता आणण्यासाठी बाहेरच्या बलाला जे कार्य करावं लागतं, ते त्या बिंदूचं विभव. वेग येऊ द्यायचा नाही म्हणजे बाहेरचं बल पावलोपावली विद्युत बलाइतकंच आणि त्याच्या उलट दिशेचं हवं. म्हणून दोघांची कार्यं आकड्याने सारखी आणि चिन्हाने विरुद्ध. ‘क्यू डेल्टा व्ही’ हे या बाहेरच्या बलाचं कार्य. प्रश्नात ‘बाहेरून किती कार्य करावे लागेल’ असं असेल तर ते तसंच वापरायचं. ‘विद्युत बलाने किती कार्य केले’ असं असेल तर उणे लावून. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत तोच आकडा दोन्ही चिन्हांनी हजर असतो.

आणि बाहेरचं बल प्रत्येक प्रश्नात असतंच असंही नाही. निर्वातात मोकळा सोडलेला प्रोटॉन कुणी धरून नेत नाही. तिथे फक्त विद्युत बल आहे, आणि त्याचं कार्य म्हणजेच गतिज ऊर्जेतला बदल.

चिन्ह विसरल्याने काय होतं ते आकड्यांतच पाहू. एका प्रोटॉनजवळ ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा आहे आणि तो शून्य व्होल्टच्या जागेपासून २०० व्होल्टच्या जागेपर्यंत जातो. (इलेक्ट्रॉनइतका प्रभार एक व्होल्टच्या फरकातून गेला की जितकं कार्य होतं, तितकी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) विद्युत बलाचं कार्य उणे २०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, उरली ऊर्जा ३००. आता तितक्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन त्याच वाटेने पाठवा. प्रभार ऋण, कंसातला फरकही ऋण, म्हणून कार्य अधिक २०० आणि शेवटची ऊर्जा ७००. एकजण मंदावला, दुसरा वेगात आला. चिठ्ठी दोघांनाही २०० देते आणि दोघांनाही ७०० वर पोहोचवते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत उत्तर बरोबर आलं, पण ते नशिबाने, कारण दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या.

दुसरी ओळ: ‘कधीच ऋण नसते’

इथे चिठ्ठीने न सांगता एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रभार आधी स्थिर होता. स्थिर सोडलेला प्रभार बलाच्या दिशेनेच निघतो, तेव्हा निदान सुरुवातीला कार्य धन असणार हे खरं. पण ज्याला आधीच वेग आहे तो बलाच्या उलट दिशेने जाऊ शकतो, तिरका जाऊ शकतो, आणि जातोही.

अणूच्या पोटात केंद्रक आहे हे ज्या प्रयोगातून कळलं तो सगळा प्रयोग या ऋण कार्यावर उभा आहे. १९०९ मध्ये मँचेस्टरला हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रकं, सोडले, आणि मोजकेच काही कण चक्क उलट फिरून आले. त्याचा उलगडा रदरफोर्डने १९११ मध्ये केला. समजा ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकावर अगदी समोरून चालून गेला. प्रोटॉनचा प्रभार एक एकक धरला, तर अल्फाचा प्रभार अधिक २, सोन्याच्या केंद्रकाचा अधिक ७९. दोन्ही धन, म्हणून बल बाहेर ढकलणारं आणि चाल आतल्या बाजूला. प्रत्येक पावलाला विद्युत बलाचं कार्य ऋण. कण जिथे क्षणभर थांबतो तिथे एकूण कार्य बरोबर उणे ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट झालेलं असतं.

थांबण्याचं अंतर काढायला एक आकडा ध्यानात ठेवला की पुरतो: दोन एकक प्रभार एकमेकांपासून १ फेम्टोमीटरवर असतील तर त्यांची स्थितिज ऊर्जा सुमारे १.४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.) २ गुणिले ७९ म्हणजे १५८, त्याला १.४४ ने गुणलं की साधारण २२७.५, आणि ७.७ ने भागलं की जेमतेम ३० फेम्टोमीटर. सोन्याचं केंद्रक जागचं हलत नाही असं इथे धरलं आहे. ते अल्फापेक्षा जवळजवळ पन्नासपट जड असल्याने फारसं बिघडत नाही. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर, म्हणजे कण त्याला न शिवताच मागे फिरला. परतीच्या वाटेवर तेच बल अधिक ७.७ इतकं कार्य करतं आणि कण आपली ऊर्जा परत मिळवून निघून जातो. विद्युत बलाचं कार्य कधीच ऋण नसतं हे खरं मानलं तर अल्फा कणाला थांबवणारं कुणी उरतच नाही.

इतकं लांब जायचं नसेल तर बारावीचंच पुस्तक उघडावं. प्रकाशविद्युत परिणामात ज्याला निरोधी विभव म्हणतात, ते म्हणजे सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनलाही ऋण कार्य करून अडवणारं विभवांतर. एका धड्यात जे पाठ करायचं ते दुसऱ्या धड्यात नाकारायचं, असा हा प्रकार.

तिसरी ओळ: बदलत्या बलाला अंतराने गुणणं

बल गुणिले अंतर हे बल सगळ्या वाटेवर एकसारखं असेल तेव्हाच चालतं. दोन समांतर पट्ट्यांमधलं क्षेत्र एकसमान असतं, तिथे खुशाल गुणा. फक्त अंतर क्षेत्राच्या दिशेने मोजा. बिंदू-प्रभाराभोवतीचं बल मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं.

२ मायक्रोकूलोमचा प्रभार जागेवर पक्का आहे. ३ मायक्रोकूलोमचा दुसरा प्रभार ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला. दोन्ही धन. सुरुवातीला बल ०.६ न्यूटन, शेवटी ५.४ न्यूटन, सरकण ०.२ मीटर. चिठ्ठीप्रमाणे सुरुवातीचं बल घेतलं तर ०.१२ ज्यूल, शेवटचं घेतलं तर १.०८ ज्यूल. कुठलं बल घ्यायचं हे चिठ्ठी सांगत नाही. चतुर विद्यार्थी दोन्हींची सरासरी काढतो, ३ न्यूटन, आणि ०.६० ज्यूल लिहितो. तेही चूक. स्थितिज ऊर्जा सुरुवातीला ०.१८ ज्यूल आणि शेवटी ०.५४ ज्यूल, म्हणून विद्युत बलाचं कार्य उणे ०.३६ ज्यूल.

गंमत म्हणजे सरासरी काढायचीच असेल तर बेरजेची न काढता गुणाकाराची काढावी. ०.६ आणि ५.४ यांचा गुणाकार ३.२४, त्याचं वर्गमूळ १.८. १.८ न्यूटन गुणिले ०.२ मीटर बरोबर ०.३६. हा योगायोग नाही. व्यस्त वर्गाच्या बलासाठी, चाल सरळ त्रिज्येवरून असेल तर, हे प्रत्येक वेळी तंतोतंत जुळतं. दोन ओळींत सिद्ध होतं, करून पाहावं. चिठ्ठीत पाठांतरालाच जागा द्यायची होती तर ही ओळ तरी घालायची.

चौथी ओळ: शून्य विभव

विभव शून्य म्हणजे समुद्रसपाटीसारखी एक ठरवलेली पातळी. कड्याची एखादी जागा समुद्रसपाटीच्या पातळीवर येते म्हणून तिथे उतार नसतो असं कुणी म्हणत नाही. बल उतारावर ठरतं, उंचीच्या आकड्यावर नाही.

अधिक ४ आणि उणे ४ नॅनोकूलोमचे दोन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. बरोबर मधल्या बिंदूवर विभव शून्य. क्षेत्र? दोघांचंही क्षेत्र तिथे ऋण प्रभाराच्या दिशेने, प्रत्येकी ३,६०० न्यूटन प्रति कूलोम, एकूण ७,२००. त्या जोडीच्या आसपास, त्या रेषेवर, सर्वांत शांत जागा म्हणून चिठ्ठी जी दाखवते तिथे ठेवलेला प्रभार क्षणभरही टिकणार नाही.

आता उणे ४ च्या जागी अधिक ४ ठेवा. मधल्या बिंदूवर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना मारतात, बल शून्य. विभव मात्र ७२० व्होल्ट. एक नॅनोकूलोमचा प्रभार अनंतापासून तिथे आणायचा तर बाहेरून ७२० नॅनोज्यूल खर्च करावे लागतात, जरी मुक्कामाच्या ठिकाणी त्याला कुणीच ढकलत नसलं तरी. कार्य सगळ्या वाटेवर साठत आलेलं असतं, शेवटच्या बिंदूवरच्या बलाला त्यात वेगळा मान नाही.

याच ओळीची एक धाकटी बहीणही फिरते: ‘समविभव पृष्ठावर (जिथे सगळीकडे विभव सारखं असतं अशा पृष्ठावर) बल नसते’. बल असतं, पृष्ठाला लंब असतं, म्हणून पृष्ठावरून चालताना कार्य होत नाही. इतकंच.

पाचवी ओळ: ‘अपवाद नाही’

या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण तिच्यात खरं बरंच आहे. क्षेत्र स्थिर असेल आणि प्रभार वाटेत बदलत नसेल, तर जिथून निघाला तिथे परत आलेल्या प्रभारावर विद्युत बलाचं एकूण कार्य शून्यच असतं. टॉर्च घ्या. बल्बमधून जाताना विद्युत क्षेत्र प्रभारावर धन कार्य करतं, आणि सेलच्या आत, ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाताना, तितकंच ऋण कार्य करतं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. उजेड आणि उष्णतेचं बिल भरतो तो सेलमधला रासायनिक बदल. स्थिर क्षेत्राच्या जिवावर कुठलंही यंत्र फेऱ्या मारत राहून ऊर्जा देऊ शकत नाही, हे या ओळीतलं सत्य.

पण ‘अपवाद नाही’ हे दोन शब्द तिचा घात करतात. त्यांचं उत्तर मुंबईत कुलाब्याला उभं आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था मिळून चालवतात ते पेलेट्रॉन त्वरक यंत्र १९८८ च्या अखेरीस सुरू झालं. उभ्या टाकीच्या मध्यावर एक अग्र, इंग्रजी वळणाने सगळे ज्याला टर्मिनल म्हणतात, ते जास्तीत जास्त अधिक १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत चढवता येतं. ठिणगी पडू नये म्हणून टाकीत सल्फर हेक्साफ्लोराइड वायू दाबाखाली भरलेला असतो. कण टाकीत शिरतो तेव्हा जमिनीच्या विभवावर, बाहेर पडतो तेव्हाही जमिनीच्याच विभवावर. सुरुवात शून्य, शेवट शून्य. चिठ्ठीप्रमाणे विद्युत बलाचं कार्य शून्य, म्हणजे इतका मोठा मनोरा निव्वळ शोभेचा!

होतं काय ते बघा. टर्मिनल १२ दशलक्ष व्होल्टवर आहे असं धरू. टाकीत सोडतात तो कार्बनचा ऋण आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असलेला अणू. प्रभार उणे १. तो धन टर्मिनलकडे ओढला जातो, आणि तिथे पोहोचेपर्यंत विद्युत बलाने त्याच्यावर अधिक १२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट कार्य केलेलं असतं. टर्मिनलमध्ये अतिशय पातळ कार्बनचा पापुद्रा वाटेत धरलेला असतो. त्यातून आरपार जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात. समजा सहा गेले. उरला तो अधिक ५ प्रभाराचा आयन. आता तेच टर्मिनल त्याला दूर ढकलतं, आणि जमिनीपर्यंत येताना ५ गुणिले १२, म्हणजे आणखी ६० दशलक्ष. एकूण ७२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. (आत शिरण्याआधी आयनाला थोडी ऊर्जा दिलेली असते, ती इथे सोडून दिली आहे.) एकाच विभवाचा दोनदा वापर करून घ्यायचा, म्हणून या जातीच्या यंत्राला टँडेम म्हणतात.

पहिल्या ओळीचाही इथे निकाल लागतो. जाताना ऋण प्रभार चढत्या विभवाकडे, येताना धन प्रभार उतरत्या विभवाकडे. दोन्हीकडे कार्य धन. ‘चिन्हांत अडकू नका’ म्हणणाऱ्याने हे यंत्र कधीच बांधलं नसतं.

मग ही ७२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा आली कुठून? स्थिर क्षेत्र फुकट काही देत नाही हे तर आपण टॉर्चमध्ये पाहिलं. हिशेब टर्मिनलच्या बाजूने करा. आयन आत येताना उणे १ घेऊन आला, बाहेर जाताना अधिक ५ घेऊन गेला. म्हणजे प्रत्येक आयनामागे टर्मिनलचा धन प्रभार सहा एककांनी कमी झाला. तो भरून काढला नाही तर विभव घसरेल. भरून काढते ती धातूच्या लहान नळकांड्यांची, नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली साखळी. याच नळकांड्यांवरून, पेलेटवरून, पेलेट्रॉन हे नाव. मोटर ती साखळी फिरवते आणि तळाकडून धन प्रभार वर टर्मिनलपर्यंत वाहून नेते. त्या चढावर विद्युत बल साखळीला मागे ढकलत असतं, म्हणजे त्याचं कार्य ऋण, आणि मोटर तितकंच धन कार्य करते. सहा एकक प्रभार १२ दशलक्ष व्होल्टवर चढवायला लागतात बरोबर ७२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जमाखर्च पैशापैशाने जुळला. विद्युत बलाचं ऋण कार्य साखळीवर, धन कार्य आयनावर, आणि बाहेरच्या बलाचं कार्य मोटरचं. ही तिन्ही खाती वेगळी ठेवली नाहीत तर यातलं काहीच कळत नाही.

दुसरा अपवाद याहून मूलभूत आहे. वरचं सगळं स्थिर प्रभारांनी तयार केलेल्या क्षेत्राबद्दल होतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर त्याच्याभोवती विद्युत क्षेत्र उभं राहतं. या क्षेत्राच्या रेषा कुठल्या धन प्रभारापासून निघून ऋण प्रभारावर संपत नाहीत, त्या स्वतःभोवती गोल फिरतात. अशा रेषेबरोबर एक फेरी मारली की प्रत्येक पावलाला कार्य धन, आणि आपण पुन्हा निघालो तिथेच.

हे कागदावरचं नाही. डोनाल्ड कर्स्ट यांनी १९४० मध्ये इलिनॉय विद्यापीठात बीटाट्रॉन चालवून दाखवला. पोकळ कड्यासारख्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन फिरतात, मधलं चुंबकीय क्षेत्र वाढत जातं, आणि त्यामुळे उभं राहिलेलं गोल विद्युत क्षेत्र त्यांना प्रत्येक फेरीत थोडी थोडी ऊर्जा देतं. समजा एका फेरीला १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळाले, तर दहा हजार फेऱ्यांत दहा लाख. कर्स्ट यांच्या पहिल्या यंत्राने २३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट गाठले. इलेक्ट्रॉन दर फेरीला त्याच बिंदूवर परत येत होते, आणि दर वेळी जास्त ऊर्जा घेऊन.

घरात बीटाट्रॉन नसतो, पण इंडक्शन शेगडी असते. शेगडीच्या काचेखालचं वेटोळं चुंबकीय क्षेत्राची दिशा सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून अधिक वेळा उलटीपालटी करतं. भांड्याच्या बुडात गोल विद्युत क्षेत्र तयार होतं, इलेक्ट्रॉन बंद वाटांनी फिरवले जातात, आणि त्या बंद वाटांवरचं शून्य नसलेलं कार्य म्हणजेच मुख्यतः तुमच्या भाताला लागणारी आच. पाचवी ओळ शब्दशः खरी असती तर शेगडीवर पाणी कोमटही झालं नसतं.

अशा क्षेत्रात ‘या बिंदूचं विभव इतकं’ हे वाक्यच डळमळतं. एका कड्यात १०० ओहम आणि ९०० ओहमचे दोन रोध जोडा आणि कड्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र असं बदला की कडंभर मिळून १ व्होल्ट विद्युतगामक बल (एका फेरीत एकक प्रभारावर होणारं कार्य) येईल. प्रवाह १ मिलिअँपिअर. आता कड्यावरच्या त्याच दोन बिंदूंना दोन व्होल्टमीटर जोडा, एक डावीकडून, एक उजवीकडून, तारा कड्याच्या बाहेरून नेऊन. एक ०.९ व्होल्ट दाखवतो, दुसरा ०.१, आणि तोही उलट्या दिशेने. बिंदू तेच, मीटर दोन्ही चांगले, वाचन वेगळं. कारण मीटरच्या तारा कुठून गेल्या यालाच आता अर्थ आला आहे. कार्य काढायचं तर प्रभार प्रत्यक्ष ज्या वाटेने गेला त्या वाटेच्या लहान लहान तुकड्यांवर क्षेत्राचा वाटेच्या दिशेतला भाग घ्यायचा, तुकड्याच्या लांबीने गुणायचं आणि बेरीज करायची. सुरुवात-शेवटचं विभव वजा करण्याचा आडमार्ग इथे बंद आहे.

सहावी ओळ: वेग

विद्युत बल प्रभाराच्या वेगावर अवलंबून नसतं. स्थिर क्षेत्रात त्याच दोन बिंदूंमधून प्रभार रांगत गेला काय की धावत गेला काय, विद्युत बलाचं कार्य तेच. बदलतो तो लागणारा वेळ, म्हणून शक्ती, म्हणजे दर सेकंदाचं कार्य, बदलते. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा घोळ बहुधा इथे झाला असावा.

वेग फार वाढला की वेगळीच फसगत होते, आणि तिथे दोष कार्याच्या सूत्राला दिला जातो. इलेक्ट्रॉन दहा लाख व्होल्टच्या विभवांतरातून गेला. विद्युत बलाचं कार्य दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इथवर ठीक. मग मुलगा ते ‘अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग’ याच्याशी जुळवतो आणि वेग येतो प्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट. अशक्य. पण कार्य चुकलेलं नाही, गतिज ऊर्जेचं ते सूत्र कमी वेगापुरतं आहे. सापेक्षतेचं सूत्र वापरलं की वेग प्रकाशाच्या सुमारे ९४ टक्के निघतो, आणि कार्य तेच दहा लाख राहतं.

वेगावर अवलंबून असतं ते चुंबकीय बल, आणि ते तर कार्यच करत नाही, कारण ते कायम वेगाला लंब असतं. कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातला मोठा चुंबक त्यांना ऊर्जा देतो ही समजूत म्हणूनच टाकून द्यावी. चुंबक फक्त वळवतो. ऊर्जा मिळते ती इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन पोकळ डब्यांमधल्या फटीत, विद्युत क्षेत्राकडून. लॉरेन्स आणि लिव्हिंगस्टन यांनी १९३१ मध्ये बर्कलीला चालवलेलं साडेचार इंच व्यासाचं यंत्र २,००० व्होल्टपेक्षा कमी विभवांतरावर हायड्रोजनच्या एकक प्रभाराच्या आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेत होतं. म्हणजे प्रत्येक आयनाने ती फट निदान चाळीस वेळा ओलांडली, आणि दर वेळी क्षेत्राची दिशा उलटलेली असल्याने दर वेळी कार्य धन झालं. या यंत्रात विभवांतर दुप्पट केलं तरी शेवटची ऊर्जा दुप्पट होत नाही. ती चुंबकीय क्षेत्र आणि कडेची त्रिज्या ठरवतात. विभवांतर दुप्पट केल्याने फेऱ्या तेवढ्या निम्म्या होतात.